कामावरचे पान

गेल्या डिसेंबरातल्या एका सकाळी मी बेचाळीस पाने कापली. आकडा नेमका आठवतो, कारण कापून झाल्यावर मी देठ मोजले होते आणि मोजताना मला समाधान वाटत होते. नाशिकजवळ मखमलाबादला मामांच्या द्राक्षबागेच्या कडेला, विहिरीजवळच्या मोकळ्या तुकड्यात, मी त्या वर्षी अटलांटिक जायंट जातीच्या भोपळ्याची एकच वेल लावली होती आणि त्या वेलीवर एकच फळ राखले होते. कापलेली पाने जुनी होती, बुंध्याकडची होती. त्यांच्यावर भुरी या बुरशीरोगाचे पांढरे ठिपके पडून ते एकमेकांत मिसळले होते आणि काहींच्या कडा करपून कागदासारख्या वाजत होत्या. दुसऱ्या टोकाला वेलीचे शेंडे मात्र पोपटी, लवदार, दवाने चमकत होते. मी जुनी पाने काढून टाकली, शेंड्यांना हातही लावला नाही, आणि मोकळ्या झालेल्या वेलीकडे पाहून मला घर झाडून काढल्यासारखे वाटले. संध्याकाळी मामा काठी टेकत आले. ढिगातले एक पान त्यांनी देठाला धरून उचलले, उलटेसुलटे करून पाहिले, कापलेल्या टोकावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे पान कामावर होतं."

एवढेच म्हणून ते पान त्यांनी पुन्हा ढिगावर ठेवले. टाकले नाही, ठेवले.

त्याच दिवशी दुपारी आणखी एक गोष्ट घडली होती, ती मी मामांना सांगितली नाही. बागेत मण्यांची विरळणी चालू होती आणि सुरगाण्याकडून दरवर्षी येणारी टोळी कामाला आली होती. जेवणाच्या सुटीत त्यांच्यातल्या एक मावशी हात पुसत वेलीपाशी आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि शेंड्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ताई, हे कोंब द्याल का? भाजीला घेते." मी नको म्हटले. वेल अजून वाढते आहे, शेंडे खुडले तर तिची वाढ थांबेल, असे मी त्यांना समजावून सांगितले. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांनी बाजूला पडलेल्या पानांच्या ढिगाकडे पाहिले आणि "बरं" म्हणून त्या परत गेल्या. त्यांच्या त्या "बरं"मध्ये रुसवा नव्हता. ज्याचे शेत त्याची मर्जी, एवढेच होते. पण संध्याकाळी मामांचे वाक्य ऐकल्यावर मला आधी त्या मावशींची नजर आठवली. जे द्यायला हवे होते ते मी राखले होते आणि जे राखायला हवे होते ते कापले होते, ही शंका त्या रात्री पहिल्यांदा मनात आली.

या वेलीचा नाद मला कसा लागला ते थोडक्यात सांगते. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात, विंडसर नावाच्या गावी हॉवर्ड डिल नावाचा एक शेतकरी होता. वर्षानुवर्षे निवड करत त्याने ही जात सिद्ध केली, १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे त्याच्या भोपळ्यांनी जागतिक स्पर्धा जिंकली आणि १९८१ साली त्याचे फळ ४९३.५ पौंड, म्हणजे सुमारे २२४ किलो भरले. त्याआधी कॅनडाच्याच विल्यम वॉर्नॉकचा ४०३ पौंडांचा विक्रम सत्तरहून अधिक वर्षे कोणी मोडू शकले नव्हते. डिलच्या बियाण्याने मात्र सगळे मोजमापच बदलून टाकले. २०२३ साली अमेरिकेत मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंजर यांनी वजनकाट्यावर ठेवलेला भोपळा २,७४९ पौंडांचा होता, म्हणजे साधारण १,२४७ किलोंचा. मला असे काही करायचे नव्हते आणि नाशिकच्या हवेत ते होणारही नाही. एका पातळ, पोकळ, हाताने सहज मोडेल अशा वेलीतून एवढे वजन कसे जात असेल, हे मात्र मला रोज जवळून पाहायचे होते. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात पाच बिया पिशव्यांत टोकल्या. तीन उगवल्या, त्यांतले सगळ्यात जाड दांड्याचे रोप मी जमिनीत लावले आणि उरलेली दोन उपटताना वाईट वाटले.

मग दोन महिने ती वेल धावत होती. धावत होती हा शब्द मी जपून वापरते आहे. संध्याकाळी खूण म्हणून रोवलेली काडी सकाळी मागे पडलेली असे. मुख्य वेल सरळ जाऊ द्यायची, तिच्या दोन्ही अंगांनी निघणाऱ्या बगलवेली आडव्या पसरवायच्या, त्या बगलवेलींना पुन्हा फुटणाऱ्या फुटी मात्र कोवळ्या असतानाच काढायच्या, आणि प्रत्येक पेरावर ओली माती ओढायची म्हणजे तिथे नवी मुळे धरतात, ही सगळी रीत मी शिकत गेले. नवरात्रातल्या सहाव्या माळेला, उजाडण्यापूर्वी, मी बॅटरीच्या उजेडात एक नरफूल खुडले, त्याच्या पाकळ्या सोलल्या आणि मुख्य वेलीवर बारा फुटांवर उमललेल्या मादीफुलात त्याचा पराग लावला. मादीफुलाच्या पाकळ्या दोऱ्याने बांधून ठेवल्या. त्या थंड, पिवळ्या पाकळ्यांना ओल्या कापडासारखा स्पर्श होता. त्यानंतर बाकीची सगळी मादीफुले मी काढत गेले. नोव्हेंबराच्या पहिल्या पंधरवड्यात फळाचा घेर रोज दीड-दोन इंचांनी वाढत होता, आणि शिवणकामाची टेप पुरेना म्हणून मी दोन टेपा जोडल्या होत्या.

डिसेंबरात हा वेग संपला. घेर दिवसाला जेमतेम सहा मिलिमीटर वाढू लागला. नेमक्या याच टप्प्यावर माणूस अस्वस्थ होतो आणि हातात कात्री घेतो. डिलच्या मुलखात हा प्रश्न वेगळा असतो. तिकडे जूनमध्ये दिवस पंधरा तासांहून मोठा असतो, ऑक्टोबराच्या सुमारास स्पर्धेची तारीख ठरलेली असते आणि तिच्या आगेमागे पडणाऱ्या हिमकणांच्या थराने वेल एका रात्रीत काळी पडते. शेवट कधी, हे तिथल्या शेतकऱ्याला कोणी विचारत नाही. आपल्याकडे डिसेंबरातही ऊन असते, दिवस अकरा तासांचा का होईना पण स्वच्छ असतो, थंडीने वेल एकदम मरत नाही. ती रेंगाळते. बुंध्याकडून म्हातारी होत जाते आणि टोकाकडून तरुणच राहते. दोन्ही टोकांच्या मध्ये फळ बसलेले असते. शेवट आला आहे हे इथे आपणच ठरवायचे असते, आणि मला ते ठरवता आले नाही. पोपटी शेंड्यांकडे पाहून मी अजून वेळ आहे असे समजत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या ढिगापाशी बसले आणि एकेक पान वेगळे केले. पूर्ण वाळलेली, तपकिरी, मुठीत चुरडणारी पाने एका बाजूला ठेवली. कुठेतरी हिरवा भाग शिल्लक असलेली दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगात नऊ पाने निघाली. दुसऱ्यात तेहेतीस. त्या तेहेतिसांपैकी काहींचा पाऊण भाग हिरवा होता, भुरी फक्त शिरांच्या कडेने पसरली होती. ती पाने माझ्या हातभर रुंद होती. त्यांचे देठ पोकळ, बोटाएवढे जाड, बारीक काट्यांनी भरलेले. लहानपणी अशाच देठाची पिपाणी करून आम्ही मुले दुपारभर मामींची झोपमोड करत असू. रात्रभरात पाने मलूल झाली होती, पण देठाच्या टोकाला रस आलेला दिसत होता. आदल्या दिवशी तो पाण्यासारखा असणार. आता त्याचा जेलीसारखा घट्ट मणी झाला होता. भोपळ्याच्या वेलीतला रस हवा लागताच त्यातल्या प्रथिनांमुळे गोठतो, आपली जखम ती अशी बुजवते. कापून टाकलेली पानेसुद्धा आपल्या बाजूने जखम बुजवत बसली होती. त्या सकाळी माझ्या हातांना येणारा काकडीसारखा हिरवा वास आणि मनगटांवर उठलेली खाज दोन्ही दिवसभर राहिली.

मामांशी मी त्या दिवशी वाद घातला. मला माझी चूक मान्य करायची नव्हती म्हणून नव्हे. मला खरोखर कळत नव्हते. "मामा, तुम्ही तर ऑक्टोबरात छाटणीच्या आधी सगळी बाग निष्पर्ण करता, एक पान ठेवत नाही. मग माझ्या चाळीस पानांचं एवढं काय?" मामांनी काठी आडवी ठेवली आणि बांधावर बसले. त्यांचे उत्तर मी त्यांच्या शब्दांत जसे आठवते तसे लिहिते. "तेव्हा पान देऊन मोकळं झालेलं असतं, पोरी. एप्रिलात खरड छाटणी केली की पावसाळाभर तेच पान काडी पिकवतं, ओलांड्यात, खोडात, मुळात साठा भरतं. काडी पिकली, डोळा भरला, की पान गेलं तरी चालतं. पुढचा घड त्या साठ्यावर निघतो. तुझ्या डांगराला खोड कुठंय? त्याचा साठा कुठंय?" मग थोडे थांबून म्हणाले, "त्याचं रोजचं रोज आहे. आज पानानं कमावलं तर आज फळात पडणार."

द्राक्षाच्या मुलखात वाढूनही हा फरक माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. द्राक्षवेल वर्षानुवर्षे उभी राहते आणि तिच्या जुन्या लाकडात मागच्या हंगामाची शिल्लक असते. भोपळ्याची वेल एका हंगामाची, गवतासारखी मऊ. तिच्यापाशी फळ सोडले तर मोठी साठवण कुठेच नसते. बागेतसुद्धा मामा घडाच्या पुढची पाने मोजून ठेवायचे. आठ-दहा पाने राखून मगच शेंडा मारायचा, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याहून कमी पाने राहिली तर मणी फुगत नाहीत आणि मण्यांत पाणी उतरल्यावर गोडीही भरत नाही. घडावर दाट सावली पडत असेल तर समोरची दोन-तीन पाने काढतात, पण तीही उगाच नाहीत. हवा खेळावी, औषध आतपर्यंत पोहोचावे म्हणून. म्हणजे शेंडा मारायचा आणि पान राखायचे, ही दोन्ही कामे मी त्या बांधावर बसून शंभर वेळा पाहिली होती. भोपळ्याच्या वेळी मी नेमकी उलटी केली, कारण मी वेलीकडे कामाच्या नजरेने पाहतच नव्हते. मला जे देखणे दिसले ते मी राखले.

पुढे हिवाळाभर मी यावर वाचत राहिले आणि एक गोष्ट वाचून बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिले. पान जन्मापासून देणारे नसते. उलगडणारे कोवळे पान स्वतः अन्न तयार करते, पण ते त्याला पुरत नाही. म्हणून ते मोठ्या पानांकडून आलेल्या साखरेवर वाढते. आपल्या पूर्ण आकाराच्या निम्म्याच्या आसपास पोहोचेपर्यंत कधीतरी हा व्यवहार उलटतो आणि ते पान घेण्याचे थांबवून द्यायला लागते. टर्जन आणि वेब या दोन शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढत हे दाखवले आणि १९७३ साली प्रसिद्ध केले. प्रयोगासाठी त्यांनी निवडले होते ते भोपळ्याच्याच कुळातल्या वेलीचे पान. त्यातला सर्वांत विलक्षण भाग असा की हा बदल सगळ्या पानात एकदम होत नाही. तो पानाच्या टोकापासून सुरू होतो आणि देठाकडे सरकत येतो. म्हणजे काही दिवस असे असतात की एकाच पानाचे टोक वेलीला साखर देत असते आणि त्याच पानाचा देठाकडचा भाग वेलीकडून साखर घेत असतो.

म्हणून शेंडा, तो कितीही टवटवीत असला तरी, वेलीच्या हिशेबात खाणारे तोंड असतो. त्याच्या टोकाशी न उघडलेली, अर्धी उघडलेली, नुकती उघडलेली अशी पाने ओळीने असतात, आणि जोडीला ताणे असतात, कळ्या असतात, नको असलेली मादीफुलेही असतात. ऑक्टोबरात हे सगळे पोसणे योग्यच असते, कारण ती पाने महिन्याभरात मोठी होऊन घेतलेले फेडतात. फळाचे शेवटचे तीन-चार आठवडे उरल्यावर मात्र त्यांना फेडायला दिवसच राहत नाहीत. आणि जुने पान पिवळे पडताना नुसते मरत नसते. आपल्यातले नत्र आणि इतर द्रव्ये ते वेलीला परत करत असते. ते हिरवे-पिवळे असताना कापले तर त्याचे आजचे कामही जाते आणि ही शेवटची परतफेडही जाते. मामांना यातले काहीच वाचावे लागले नव्हते. देठावर फिरवलेल्या अंगठ्याला ओल लागली, एवढ्यावर ते बोलले होते.

तरीही मामांचे सगळेच मला पटले असे नाही, आणि हे लिहिणे आवश्यक आहे. त्यांचा कल काहीच न कापण्याकडे होता आणि तोही चुकीचा ठरला असता. ती नऊ वाळलेली पाने काढणे बरोबरच होते. मातीला टेकलेली दोन-तीन सडकी पाने फळाच्या देठाभोवती ओल धरून होती; ती तशीच राहिली असती तर कुज देठात उतरली असती, आणि एकदा देठ कुजला की सगळा हंगाम गेला. बाकीच्या भुरीबद्दल मात्र माझी समजूत भाबडी होती. पाने कापली की रोग गेला, असे मी धरले होते; पण भुरीचे बीजाणू वाऱ्यावर येतात, आणि आमच्या शेजारी द्राक्षाच्या एवढ्या बागा असताना हवेत भुरीची काय कमतरता, असे म्हणून मी नंतर चरफडले. पुढे कळले की द्राक्षाची भुरी निराळी आणि भोपळ्याची निराळी, एकीची दुसरीला लागत नाही. तेव्हा हेही माझे चुकलेलेच होते. कापलेल्या पोकळ देठांत दव साचून दोन ठिकाणी कुज वेलीपर्यंत आली, ती चूक तर पूर्णपणे माझीच होती. मी देठ वेलीला लागून कापले होते, बोटभर खुंट ठेवायला हवा होता. शिवाय पाने गेल्यामुळे फळ उघडे पडले. दुपारच्या उन्हाने साल ताठ होऊ नये म्हणून मी आईचे एक जुने सुती पातळ चार काठ्यांना बांधून त्यावर सावली केली. निळ्या काठाचे ते पातळ वाऱ्याने हलत असे आणि फळावर त्याची सावलीही हलत असे.

फळाला काय झाले? पाने कापण्याच्या आधी दिवसाला सहा मिलिमीटर असलेली वाढ तीन दिवसांत तीनवर आली आणि आठवड्याने टेपेवर फरक दिसेनासा झाला. हा पुरावा मानावा असे मला फार वाटते, पण मानता येत नाही. पाने कापली त्याच रात्री थंडी वाढली होती. सकाळी वर्तमानपत्रात निफाडचा पारा उतरल्याची बातमी होती, आणि आमच्या शिवारात लोकांनी बागांमध्ये शेकोट्या पेटवून धूर केला होता. थंडीने वाढ थांबली की पाने गेल्याने थांबली, हे सांगायला शेजारी न कापलेली दुसरी वेल हवी होती, आणि मी एकच लावली होती. संक्रांतीच्या आधी फळ काढले तेव्हा ते बागेतल्या काट्यावर अठ्ठावन्न किलो भरले. सगळ्यांनी कौतुक केले, फोटो काढले, मामींनी ओवाळले. मी मनात त्या तेहेतीस पानांचे वजन मिळवून पाहत होते. दोन किलो? पाच? काहीच नाही? हे मला कधीच कळणार नाही, आणि चूक किती मोठी होती हे न कळणे, ती मोठी होती हे कळण्यापेक्षा जास्त दिवस टोचत राहते.

मामांविषयीही थोडे लिहायला हवे, कारण ते त्या काळात रोज वेलीपाशी येत होते ते नुसत्या कौतुकाने येत नव्हते. त्याच ऑक्टोबरात मामेभावांनी त्यांच्या हातातली छाटणीची कात्री काढून घेतली होती. प्रेमानेच घेतली, त्यांचा हात थरथरतो आणि काडीवरचा एक डोळा चुकला तर एक घड जातो. आता कोणती फवारणी कधी, शेंडा कुठे मारायचा, किती पाने ठेवायची, हे सल्लागाराकडून फोनवर येते आणि त्याप्रमाणे टोळी काम करते. बाग चांगली आहे, पूर्वीपेक्षा चांगली आहे, हे मामा स्वतः सांगतात. पण सकाळी चहा झाला की ते बागेच्या कडेने चालत येत, ओळींकडे न बघता थेट माझ्या वेलीपाशी थांबत आणि पेरांवरची माती पायाने दाबत. त्या बेचाळीस पानांच्या दिवशी सकाळीही ते आले होते. मी कात्री घेऊन उभी होते आणि त्यांना म्हणाले होते, "मामा, तुम्ही बसा, मी करते." ते बसले नाहीत, परत गेले. संध्याकाळी आले तेव्हा ते वाक्य म्हणाले. ते त्यांनी पानाबद्दलच म्हटले होते. त्यात दुसरे काही शोधू नये, असे मी स्वतःला अनेकदा बजावले आहे.

या वर्षी मी दोन वेली लावल्या. एकीवरच्या जुन्या पानांना हात लावायचा नाही, फक्त पूर्ण वाळलेली काढायची. दुसरीवरची भुरी लागलेली पाने गेल्या वर्षीसारखी काढून पाहायची, असे ठरवले होते, म्हणजे तुलना तरी होईल. ठरवलेले निम्मेच झाले. दुसऱ्या वेलीशी कात्री घेऊन बसले आणि पहिल्याच पानाचा देठ हातात धरल्यावर तो गार आणि ताठ लागला, आत पाणी असलेल्या वस्तूसारखा जड लागला. मी ते पान उलटे करून पाहिले. पाठीवरच्या शिरा फुगीर होत्या, भुरीच्या पांढऱ्यातून हिरवे दिसत होते. मला ते कापवले नाही. प्रयोग म्हणून हे चूक झाले, पुन्हा एकदा मला काहीच सिद्ध करता येणार नाही. मी ते पान जसे होते तसे सोडले आणि ओळखू यावे म्हणून त्याच्या देठाला लाल दोरा बांधला.

गेल्या आठवड्यात विरळणी सुरू झाली आणि टोळी आली. त्या मावशी दिसताच मी दुपारची सुटी होण्याची वाट पाहिली नाही, ओळीत जाऊन त्यांना म्हणाले, "मावशी, कोंब हवे होते ना? आज सगळे काढायचे आहेत." त्यांना गेल्या वर्षीचे आठवत होते की नाही कोण जाणे, पण त्या हसल्या आणि हातातली विरळणीची लहान कात्री कमरेला खोचून आल्या. मामाही काठी टेकत मागून आले. मी मोठी कात्री पुढे केली तर मावशींनी ती घेतली नाही. नखाने आणि अंगठ्याने त्या शेंडा खुडत होत्या, तिसऱ्या पानाच्या खाली, एकसारखा कट् असा आवाज होत होता. "आमच्याकडं शेंडा खुडल्याबिगर डांगर पोसत नाही," असे त्या काम करता करता म्हणाल्या, फार काही सांगितल्याचा आव न आणता. मामांनी मान हलवली. एका बगलवेलीचा शेंडा पाचटाखाली गेला होता, तो मामांनी काठीच्या टोकाने उचलून धरला आणि म्हणाले, "हा राहिला, बघा." मावशींनी तोही खुडला. मग मामांनी उरलेल्या बगलवेली एकामागून एक काठीने उचलून दाखवल्या आणि त्या खुडत गेल्या. माझ्याकडे काम उरले ते शेंडे गोळा करण्याचे.

दोन वेलींचे मिळून सदतीस शेंडे निघाले. मावशींच्या ओच्यात ते मावेनात, तेव्हा त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून बांधावर पसरला. ताणे काढायचे, देठावरची लव सोलून टाकायची, लसूण-मिरचीवर परतायचे आणि वरून शेंगदाण्याचा कूट घालायचा, असे त्यांनी मला सांगितले आणि सात-आठ शेंडे माझ्या हातात ठेवले. ते अजून पोपटीच होते, लवेवर पाण्याचे थेंब होते. मामा तोवर बुंध्याकडे गेले होते. लाल दोरा बांधलेल्या पानापाशी ते वाकले, पण पानाला हात लावला नाही. दोऱ्याची गाठ घट्ट झाली होती, देठाला रुतत होती. त्यांच्या थरथरत्या बोटांना ती सुटेपर्यंत बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी शेंडे धरून तिथेच उभी राहिले.